एकास सत्त्याऐंशी

मुंबई–भुसावळ मुख्य मार्गावर निफाड आणि मनमाड यांच्यामध्ये लासलगाव स्टेशन आहे. गावाचं नाव देशभर पोचलं ते कांद्यामुळे. पण या रुळांवरून १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वाफेची इंजिनं धावत होती, हे तिथल्या तरुण पिढीलाही आता सांगावं लागतं. मुंबईहून निघालेली गाडी विजेच्या इंजिनावर थळ घाट चढायची. ३७ फुटांना १ फूट असा तो चढ. इगतपुरीला विजेच्या तारा संपायच्या, इंजिन बदललं जायचं आणि नाशिक, निफाड, लासलगाव, मनमाड असा पुढचा सगळा प्रवास कोळसा आणि पाण्यावर व्हायचा. पुढे तारा भुसावळपर्यंत गेल्या आणि ती इंजिनं या मार्गावरून कायमची गेली.

आता समजा, कुणाला ते लासलगाव पुन्हा उभारायचंय, टेबलावर. साल १९६०. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालंय, फलाटालगत कांद्याची पोती रचलीत आणि मालगाडीला डब्ल्यूजी जातीचं काळंकभिन्न इंजिन लागलंय. ब्रॉडगेजवर देशभर मालगाड्या ओढणारं हे इंजिन. १९५० ते १९७० या काळात ते २,४५० इतक्या संख्येने बनलं. त्यातलं चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं ‘देशबंधू’ आणि शेवटचं ‘अंतिम सितारा’. एवढं मोठं कूळ, पण खेळण्यांच्या किंवा मॉडेलच्या दुकानात गेलात तर ते तयार मिळणं कठीण. मिळतं ते परदेशी घडणीचं जुनं मॉडेल: कुणाच्या तरी काकांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जर्मनीहून किंवा अमेरिकेहून आणलेलं, माळ्यावर पडलेलं, चालवलं तर घरघरत दोन इंच जाऊन थांबणारं. त्या मॉडेलमधून लासलगावचं इंजिन घडवणं ही एक विलक्षण गोष्ट आहे. कारण ते करताना हातात येतं ते खऱ्या इंजिनाचं सगळं शास्त्र.

मापाचा हिशेब

जगात सर्वाधिक प्रचलित असलेलं मॉडेल रेल्वेचं माप म्हणजे एचओ. यात खऱ्या वस्तूचे ८७ मिलिमीटर मॉडेलवर १ मिलिमीटर होतात. डब्ल्यूजीचं ओढणारं चाक १,५६२ मिलिमीटर व्यासाचं. मॉडेलवर ते १८ मिलिमीटरचं. हात धरायची दांडी सव्वा इंच जाडीची, मॉडेलवर ०.३६ मिलिमीटरची तार. नाशिकरोड ते मनमाड हे सुमारे ७३ किलोमीटर अंतर ८४० मीटर होतं. म्हणजे स्टेशनचं मॉडेल घरात मावेल, पण दोन स्टेशनांमधलं अंतर कधीच मावणार नाही. म्हणून प्रत्येक मॉडेलकार अंतर चोरतो आणि इंजिनात मात्र अर्धा मिलिमीटरही चोरत नाही.

वजनाचा हिशेब याहून गमतीचा. लांबी ८७ पटींनी घटली की घनफळ ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पटींनी घटतं. कोळसा-पाण्यासह १७० टनांच्या आसपास भरणारं इंजिन आणि टेंडर (त्यामागचा कोळसा-पाण्याचा डबा) या हिशेबाने उरतं सुमारे २६० ग्रॅम. हातात आलेलं जुनं धातूचं मॉडेल तराजूवर ठेवा; बऱ्याचदा काटा याच्या आसपास येतो.

आणि कांदा? सव्वादोन इंची कांदा या मापात साधारण ०.६५ मिलिमीटरचा होतो. मोहरी त्याहून कितीतरी मोठी, खसखसही बहुधा मोठीच ठरते. लासलगावच्या ढिगासाठी योग्य मापाचा दाणा स्वयंपाकघरात शोधायचा तर तो रवा. लालसर-जांभळ्या रंगात भिजवून वाळवलेल्या रव्याचा ढीग हे एचओ मापातलं अगदी बिनचूक कांद्याचं खळं.

एक अडचण मात्र भारतीय मॉडेलकाराच्या वाट्याला हमखास येते. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात, कारण युरोप-अमेरिकेतलं १,४३५ मिलिमीटरचं अंतर ८७ ने भागलं की तेवढंच येतं. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं. त्याला हवेत १९.२६ मिलिमीटर. म्हणजे तयार रुळांवर उभं केलेलं भारतीय इंजिन पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पायांवर उभं राहतं. खऱ्या मापात ती चूक वीतभर होते. काही जण ती मान्य करून पुढे जातात. काही जण आस लांब करून रूळही हाताने घालतात. आणि काही जण उलटा हिशेब करतात: रूळ १६.५ चेच ठेवायचे आणि बाकी सगळं ८७ ऐवजी १०१.६ ने भागायचं. मग सगळं जुळतं, पण दुकानातला एकही तयार डबा, माणूस किंवा झाड त्या मापाचं मिळत नाही.

उलटं चालणारं यंत्र

खऱ्या इंजिनात वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांड्याला, दांडा चाकाला. मॉडेलमध्ये हे सगळं उलटं आहे. आतली विजेची मोटर गिअरमधून चाक फिरवते, चाक दांडा हलवतं आणि दांडा बिचाऱ्या रिकाम्या सिलिंडरमधल्या दट्ट्याला पुढेमागे नेतो. बेल्जियमच्या एगिद वाल्शार्ट यांनी १८४४ मध्ये शोधलेली झडपांची नाजूक दांडेपट्टी डब्ल्यूजीच्या बाजूला दिसते. वाफ कधी, किती वेळ आणि कुठल्या बाजूने आत सोडायची हे ती ठरवायची. मॉडेलवर ती तंतोतंत हलते आणि काहीही ठरवत नाही.

तरीही एक नियम दोघांनाही सारखाच लागतो. डाव्या बाजूचा दांडा ज्या कोनात असतो त्याच्या ९० अंश पुढे किंवा मागे उजवीकडचा असावा लागतो. का, तर दट्ट्या टोकाला पोचला की त्या क्षणी तो चाकाला फिरवू शकत नाही. तेव्हा दुसऱ्या बाजूचा दट्ट्या मधोमध, पूर्ण जोरात असायला हवा. जुन्या मॉडेलचं चाक आसावर थोडं सरकलं आणि हा कोन बिघडला, तर इंजिन लंगडत चालतं. दुरुस्तीची सुरुवात बहुतेक वेळा इथून होते.

आत उघडलं की दिसतं घट्ट झालेलं जुनं तेल. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, प्लॅस्टिकला न खाणारं हलकं तेल थेंब-थेंब घातलं, तर अर्धी मॉडेलं तेवढ्यानेच चालू लागतात. मग सांगाडा पाहायचा. १९२० ते ४० च्या काळातल्या जस्ताच्या ओतीव भागांत बारीक भेगा दिसल्या तर हात टेकायचे. जस्तात किंचित शिसं राहिलं की वर्षानुवर्षं दमटपणात धातू कणाकणाच्या सांध्यांतून पोखरला जातो, फुगतो आणि शेवटी हातात तुकडे येतात. पुढे ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरलं जाऊ लागलं तेव्हा हा रोग आटोक्यात आला.

मोटर हा खरा बदलाचा भाग. डब्ल्यूजीचं मॉडेल ताशी ६० किलोमीटरच्या मापातल्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १९ सेंटिमीटर, धावत असेल तर चाक सेकंदाला साधारण साडेतीन फेरे घेतं. चाळीसास एक असा गिअर असेल तर मोटर मिनिटाला आठ हजार फेरे घेते. ते कुठल्याही मोटरला जमतं. कसोटी लागते ती यार्डात, माणसाच्या चालीने डबे जोडताना. तेव्हा मोटर मिनिटाला सातशे फेऱ्यांवर येते. जुन्या मोटरच्या आर्मेचरला लोखंडाचे तीनच दात असतात. चुंबक प्रत्येक दाताला धरून ठेवतो आणि इंजिन उचक्या देत पुढे जातं. नव्या ‘कोअरलेस’ मोटरच्या फिरत्या भागात लोखंडच नसतं. तारेचं पोकळ वेटोळं फिरतं, त्यामुळे चुंबकाला पकडायला काही सापडत नाही. मागे पितळी जडचाक बसवलं की मॉडेल रुळावरून खऱ्यासारखं जडपणाने निघतं आणि जडपणाने थांबतं.

जुनी मोटर टाकायची नसेल तर आणखी एक युक्ती आहे. त्या काळच्या अनेक मोटरींत अल्निकोचा चुंबक असे. असा चुंबक चौकटीतून नुसता काढला तरी त्याची ताकद घटते. त्याच्या जागी १९८० च्या दशकात शोधलेला निओडिमियमचा छोटा तुकडा बसवला की तीच मोटर कमी करंट घेऊन जास्त जोर देते.

रुळांतून जाणारे आदेश

पूर्वीचं मॉडेल साध्या तत्त्वावर चालायचं: रुळांत १२ व्होल्ट सोडा, इंजिन पळेल, उलटे सोडा, मागे येईल. एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम पळायची. १९९० च्या दशकात हे बदललं. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामावर आधारित डिजिटल पद्धत अमेरिकेच्या राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेने प्रमाण म्हणून स्वीकारली आणि रूळ एकाच वेळी वीजवाहकही झाले आणि संदेशवाहकही.

रुळांतला विजेचा दाब आता सतत दिशा बदलत असतो. एका बाजूला तो ५८ मायक्रोसेकंद टिकला तर तो ‘१’, शंभर किंवा त्याहून जास्त टिकला तर ‘०’. या एक-शून्यांच्या माळेत लिहिलेलं असतं: अमुक क्रमांकाचं इंजिन, वेग १२८ पैकी ४०, दिवा लावा, शिट्टी वाजवा. सगळी इंजिनं सगळे आदेश ऐकतात; ज्याचा क्रमांक असेल तेच पाळतं. हे ऐकणारा, नखाएवढा डीकोडर टेंडरमध्ये बसतो. लासलगावच्या मॉडेलवर मालगाडी बाजूच्या रुळावर उभी राहून मेलला सहज वाट देऊ शकते, ती यामुळे.

त्याहून चकित करणारी गोष्ट डीकोडर गुपचूप करतो. तो सेकंदाला अनेकदा मोटरची वीज क्षणभर तोडतो. त्या क्षणी फिरती मोटर स्वतःच जनित्र बनते आणि तिने निर्माण केलेला दाब मोजून डीकोडरला कळतं की ती किती वेगाने फिरतेय. चढ आला, वेग घटला, की तो जोर वाढवतो. मॉडेलच्या पोटात जणू एक ड्रायव्हर बसलेला असतो.

जुन्या मॉडेलमध्ये हे बसवताना एक खबरदारी घ्यावीच लागते. बऱ्याच जुन्या मोटरींचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो. तो तोडून वेगळा केला नाही तर डीकोडर पहिल्याच क्षणी जळतो. दुसरी तपासणी: चाकं हाताने रोखून धरायची आणि मोटर किती अँपिअर घेते ते मोजायचं. एक अँपिअरच्या डीकोडरला दीड अँपिअर ओढणारी म्हातारी मोटर जोडणं म्हणजे पैसे जाळणं. शिवाय टेंडरच्या चाकांवरूनही वीज घ्यावी आणि एक छोटा कपॅसिटर जोडावा, म्हणजे रुळावर धुळीचा कण आला तरी इंजिन अडखळत नाही. निफाड तालुक्याच्या उन्हाळ्यात ही सोय चैनीची राहत नाही.

आवाजाचंही गणित आहे. दोन सिलिंडर, प्रत्येकात दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे. डब्ल्यूजी ताशी ५ किलोमीटरने हलत असेल तर सेकंदाला साधारण एक: भक्क… भक्क… ताशी ६० ला ते साडेतेरा होतात आणि कानाला एकसलग घरघर ऐकू येते. खऱ्या इंजिनाचं ध्वनिमुद्रण साठवलेला डीकोडर हे फुसकारे चाकाच्या फेऱ्याशी जुळवतो. खर्ज मात्र मॉडेलमध्ये उतरत नाही. बोटाच्या पेराएवढा स्पीकर जमिनीला हादरे देणारा आवाज काढू शकत नाही.

आणि खरी वाफ? ती या मापात जवळजवळ अशक्य आहे. वस्तू ८७ पटींनी लहान झाली की तिच्या घनफळाच्या मानाने पृष्ठभाग ८७ पटींनी वाढतो आणि बॉयलर तापण्याआधीच थंड व्हायला लागतो. हॉर्नबी कंपनीने २००३ मध्ये ‘मॅलर्ड’ या प्रसिद्ध ब्रिटिश इंजिनाचं खऱ्या वाफेवर चालणारं टेबलावरचं मॉडेल काढलं, पण त्यातलं पाणी कोळशाने तापवणं शक्यच नव्हतं. ते रुळांतून घेतलेल्या विजेने तापायचं.

प्रत्येक नळीला काम होतं

इथून पुढचं काम चिमटा, कानस आणि भिंगाचं. जुन्या मॉडेलवर दांड्या, नळ्या, पायऱ्या बॉयलरच्याच साच्यात उठवलेल्या असतात, कोरीव फुगवट्यासारख्या. त्या धारदार पात्याने खरवडून काढायच्या आणि तिथे खरी तार बसवायची. पण कुठली नळी कुठून कुठे जाते? अंदाजाने लावली तर ती शोभेची राहते, म्हणून आधी खऱ्या इंजिनाला विचारावं लागतं.

समजा आपलं मॉडेल अमेरिकन आहे. त्याच्या अंगावर हवेच्या ब्रेकचा पंप दिसेल, बॉयलरवर घंटा दिसेल, पुढे मुठीसारखं कपलिंग दिसेल. लासलगावला यातलं काहीच चालणार नाही. त्या काळच्या भारतीय गाड्यांना निर्वात ब्रेक होते: नळीतली हवा काढून घेतली की ब्रेक सुटत, हवा आत शिरली की लागत. ही हवा ओढून काढणारा इजेक्टर वाफेवरच चालायचा आणि त्याची नळी बॉयलरच्या कडेने पुढे धुराड्याच्या पेटीपर्यंत जायची. म्हणून पंप आणि घंटा काढायची, ती लांब नळी घालायची, पुढे दोन बफर, स्क्रूचं कपलिंग आणि निर्वात होजपाइप लटकवायचा. हे बदल केले की मॉडेलचं राष्ट्रीयत्वच बदलतं.

कॅबच्या पुढे बॉयलरच्या दोन्ही बाजूंना इंजेक्टरच्या नळ्या. १८५८ मध्ये आंरी जिफार यांनी शोधलेलं हे उपकरण आजही विचारात पाडतं. बॉयलरमधल्या दाबाखालचीच वाफ घेऊन, एकही हलता भाग न वापरता, ते त्याच बॉयलरमध्ये पाणी घुसवतं. वाफेचा वेग पाण्यात उतरतो आणि रुंदावत जाणाऱ्या नळीत त्या वेगाचं पुन्हा दाबात रूपांतर होतं. मॉडेलवर हे सगळं म्हणजे ०.४ मिलिमीटरची एक वाकवलेली पितळी तार.

डब्ल्यूजीचा आकारही असाच बोलका आहे. मागे कॅबखाली एक लहान चाकांची जोडी आहे. कारण भारतीय कोळशात राख खूप. पुरेशी उष्णता मिळवायची तर भट्टी रुंद हवी, ती मोठ्या चाकांच्या वर मावत नाही, म्हणून तिला मागे नेऊन तिच्याखाली छोटी चाकं दिली. तुमच्या जुन्या मॉडेलला ही मागची जोडी नसेल, तर ते डब्ल्यूजी होण्यासाठी निवडूच नका.

दिव्यासाठी आता १ मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद एलईडी मिळतात. त्यांना पिवळसर छटा द्यायची आणि जवळच वाफेवर फिरणारं छोटं जनित्र दाखवायचं, कारण खरा दिवा त्याच्याच विजेवर लागायचा. टेंडरमध्ये खरा कोळसा कुटून भरायचा. कोळशाचं वीतभर ढेकूळ या मापात जेमतेम अडीच मिलिमीटरचं होतं. आणि टेंडरच्या अंगावर मध्य रेल्वेची अक्षरं: ही रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला जन्मली, त्यामुळे त्याआधीचं साल निवडलं असेल तर तिथे आधीच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं जीआयपी हवं.

काळा रंग काळा नसतो

इंजिन काळं म्हणून दुकानातला काळा रंग फासला तर टेबलावर इंजिनाच्या आकाराचं भोक पडल्यासारखं दिसतं. लांबून पाहिलेली मोठी वस्तू मधल्या हवेमुळे फिकी भासते. मॉडेल आपण हातभर अंतरावरून पाहतो, पण डोळ्याला ती चाळीस मीटरवरची वस्तू वाटायला हवी. म्हणून करडा मिसळलेला काळा.

मग मळवणं, आणि इथेही कारणाशिवाय डाग नाही. धुराड्यामागे काजळी. भट्टीखाली राखेचा करडा थर. दांड्यांवर तेलाची चकाकी. शिट्टी आणि सुरक्षा झडपांखाली पांढरे ओघळ, कारण पाण्यातले क्षार वाफेबरोबर बाहेर येऊन वाळतात. चाकांवर ब्रेकच्या लोखंडी ठोकळ्यांची तांबूस भुकटी. खडीसाठी इथला काळा बेसाल्ट, फलाटामागे काळ्या रानाची माती आणि बांबूच्या काड्यांची हवेशीर कांदा चाळ. लासलगावची बाजार समिती १९४७ ची, म्हणजे आपल्या १९६० च्या दृश्यात ती आहेच.

कुठे पाहावं

महाराष्ट्रात या छंदाचं सर्वांत परिचित घर पुण्यात आहे. भाऊ जोशी यांनी उभारलेलं कोथरूडमधलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. एचओ मापातलं संपूर्ण शहर, सिग्नल, पूल आणि त्यावरून एकाच वेळी धावणाऱ्या गाड्या तिथे पाहता येतात. खरी इंजिनं पाहायची तर दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, हरियाणातली रेवाडीची वाफेची शेड आणि अरुंद रुळांसाठी नागपूरचं नॅरोगेज संग्रहालय.

जाताना मोजपट्टी आणि कॅमेरा न्या. समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून छायाचित्रं घ्या. पायरीची उंची, नळीची जाडी, रिव्हेटमधलं अंतर लिहून ठेवा. भारतीय ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित सेवा १९९५ मध्ये संपली. ती इंजिनं चालवणारे, त्यांच्या भट्टीत कोळसा टाकणारे लोक आता वृद्ध झालेत. मनमाड-भुसावळ भागात तुमच्या ओळखीचा कुणी निवृत्त फायरमन असेल, तर मॉडेलवरची एखादी नळी बोटाने दाखवून तिचं काम त्याला विचारा, आणि तो सांगेल ते लिहून घ्या. माळ्यावरचं जुनं मॉडेल भंगारात देऊ नका. मोटर, डीकोडर आणि रंग पैसे देऊन मिळतात; मॉडेल खरं वाटायला लागतं ते या माहितीमुळे, आणि ती गोळा करायला फार वर्षं उरलेली नाहीत.